भुई अजून व्हायची आहे

मोरीपर्यंत जायला नऊ क्रेट लागायचे आणि घरात होते पाच. बाकीचे सगळे टोमॅटोबरोबर नारायणगावच्या मार्केटला गेलेले. त्यामुळे आबांना उठायचं झालं की निर्मलाने पाच क्रेट पालथे घालून ओळीने मांडायचे, आबांनी तिच्या खांद्याला धरून त्यांवरून चालायचं, आणि ते चौथ्या क्रेटवर पोचले की निर्मलाने मागचे उचलून पुढे नेऊन टाकायचे. परत येताना पुन्हा तेच. हे दिवसातून सहा वेळा. आबांना साखरेचा त्रास होता, म्हणून कधी कधी आठ वेळा.

"जरा सरळ लाव की," आबा वरून सांगायचे. "डुगडुगतंय."

यावर निर्मला तोंडातल्या तोंडात जे पुटपुटायची ते लिहिण्यासारखं नाही.

आबा म्हणजे तिचे सासरे राघू, वय अठ्ठ्याहत्तर. एके काळी दोनशे मेंढरं घेऊन घाटघरापर्यंत चरायला जाणारा हा माणूस रविवारपासून बाजेवर बसून होता आणि जमिनीला पाय लावायला तयार नव्हता. कारण विचारलं तर सरळ उत्तर द्यायचा, की जमीन अजून झालेलीच नाही.

झालं होतं असं. रविवारी बोरीच्या वाचनालयात कार्यक्रम होता. नदीकाठी सापडलेल्या जुन्या ज्वालामुखीच्या राखेमुळे बोरीत अभ्यासक येत असतात, त्यामुळे पाहुणा आला की खुर्च्या मांडायची गावाला सवय आहे. या वेळचे पाहुणे पुण्याच्या कॉलेजातले प्राध्यापक होते. पाऊस, प्रलय आणि जगाची सुरुवात यांच्या जुन्या कथांवर ते तासभर बोलले. मनूची नाव ओढणारा मासा झाला, दाढेवर पृथ्वी उचलणारा वराह झाला, जनावरांच्या जोड्या नावेत घालून चाळीस दिवस पाण्यावर तरंगणारा परमुलखातला म्हाताराही झाला. मग वाचनालयाचे अध्यक्ष चांगदेव नाना उठले आणि म्हणाले की आपल्या राघूला पण एक गोष्ट येते, मेंढपाळांची. झालं. आबांच्या हातात माईक दिला गेला.

ही गोष्ट निर्मलाच्या सासरी वाडवडिलांपासून चालत आलेली. ती नुसती सांगायची नसते, मांडायची असते. एकाने सांगायचं आणि उजव्या अंगाला बसलेल्या दुसऱ्याने प्रत्येक ओळीचं शेपूट धरून ते परत म्हणायचं. याला झील धरणं म्हणतात. आबांची झील चाळीस वर्षं चिमाजीने धरली. चिमाजी दोन वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर आबांनी ही गोष्ट तोंडातून काढली नव्हती, ती त्या रविवारी काढली. एकट्याने.

गोष्टीत आधी एक जग असतं. त्या जगात पाऊस बोलवायचं गाणं सगळ्यांना येत असतं आणि थांबवायचं कुणालाच येत नसतं. मग जे व्हायचं ते होतं. डोंगर बुडतात, आभाळ पाण्याला टेकतं, सगळं जळमय होतं. आबा इथपर्यंत आले आणि सूत्रसंचालन करणाऱ्या सुदर्शन सरांनी माईक घेतला. "वेळेअभावी आपण इथेच थांबू या. आबांसाठी जोरदार टाळ्या!" निर्मला तेव्हा मागच्या खोलीत चहा गाळत होती. तिने फक्त टाळ्या ऐकल्या.

आणि या गोष्टीचा एकच नियम आहे. जग पाण्यात ठेवून उठायचं नाही. ज्याने बुडवलं त्याने भुई वर काढायची, मगच पाय खाली ठेवायचा.

संध्याकाळी घरी आल्यावर आबा मोटरसायकलवरून उतरेनात. जालिंदरने, म्हणजे निर्मलाच्या नवऱ्याने, आधी प्रेमाने सांगितलं, मग आवाज चढवला आणि शेवटी गाडी पडवीत घालून बाजेला भिडवली. आबा सीटवरून थेट बाजेवर गेले. जालिंदर म्हणाला, "सकाळपर्यंत जाईल डोक्यातनं," आणि सोमवारी पहाटे टोमॅटो घेऊन निघून गेला. त्याला काय, त्याला जायला मार्केट होतं.

"आबा, ही फरशी हाय," निर्मलाने सोमवारी समजावलं. "माती न्हाईच इथं."

"फरशी कशावर हाय?"

"कोब्यावर."

"आन कोबा?"

निर्मलाने हातातला क्रेट खाली आपटला. मग म्हणाली, "मग पुरी करा की गोष्ट. मी बसते समोर. आत्ता काढा भुई आन उतरा खाली."

"तू कुठं बुडली व्हतीस? तू चहा करत व्हतीस. जे बुडाले त्यांना काढायला पायजे. एकतीस माणसं व्हती. मी मोजलीत."

जेवायचंही तेच. ज्वारी भुईत पिकते, भुई नाही तर भाकरी कुठली, असा हिशोब. दूध चालत होतं, कारण बुडालेल्या जगाच्या पाण्यावर एक मेंढी तरंगत असते आणि मेंढीला दूध असतं. घरातलं दूध जर्सी गाईचं होतं, पण ते निर्मलाने बोलून दाखवलं नाही. म्हाताऱ्याने दूधही सोडलं असतं.

एवढ्यात परतीच्या पावसानेही ठाण मांडलं. सोमवार, मंगळवार नुसती झड. गावाला तर निमित्तच हवं होतं. पिठाच्या गिरणीवर, डेअरीवर, जिथे जाईल तिथे निर्मलाला लोक हसून विचारायचे, "काय, झाली का भुई?" चांगदेव नानांनी तर भर रस्त्यात अडवलं. "निर्मला, तुझ्या सासऱ्याला म्हणावं लौकर आटप. माझं कांद्याचं रोप सडायला लागलंय."

"त्यांना माईक तुमीच दिला व्हता, नाना."

"दिला व्हता, पर जग बुडवायला न्हवता दिला!" असं म्हणून नाना छत्री सावरत निघून गेले. मेल्यांना कुणालाच काही वाटत नाही, निर्मला मनात म्हणाली. क्रेट ढकलायला लागले असते म्हणजे कळलं असतं.

मंगळवारी दुपारी मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. तिसऱ्या क्रेटवर आबांना घेरी आली. निर्मलाने हातातला क्रेट टाकून त्यांना कवेत धरलं. हलके लागले, वाळलेल्या सरपणासारखे. डोळे फिरलेले, अंगाला घाम, पण तशाही अवस्थेत त्यांनी दोन्ही पाय आखडून वर धरले होते. जमिनीला लागू दिले नव्हते. निर्मलाचा राग तिथेच गळाला आणि तिला भीती वाटली. डॉक्टरांना फोन लावला तर ते ओरडले. पोटात अन्न नसताना साखरेची गोळी देता? गोळी बंद करा, आधी साखर घातलेलं दूध पाजा. दोन दिवसांत जेवले नाहीत तर उचलून दवाखान्यात आणा. आणि दवाखान्यात जायला ते जमिनीवर उतरतील का, हे निर्मलाने डॉक्टरांना विचारलं नाही.

बुधवारी सकाळी तिने वहीचा कागद फाडला आणि एकतीस नावं लिहिली. गुरुवारी पाच वाजता, आमच्या पडवीत, सगळ्यांनी यायचं. दारोदार फिरली. कुणी म्हणालं दूध घालायची वेळ आहे, कुणी म्हणालं मालिका असते. पुण्याच्या प्राध्यापकांनी फोनवर यायचं कबूल केलं आणि वर सांगितलं की ही कथा वराहाच्याच कुळातली दिसते. "डुक्कर न्हाई, मेंढी हाय," निर्मला म्हणाली आणि फोन ठेवला. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. तिला काय देणंघेणं, डुक्कर का मेंढी.

शेवटचं नाव सुदर्शन सरांचं. ते तिने मुद्दामच शेवटी ठेवलं होतं, कारण त्यांना नुसतं बोलवायचं नव्हतं, झाडायचंही होतं. शाळा सुटल्यावर ती वर्गातच गेली.

"सर, तुमाला दोन मिन्टं दम निघत न्हवता? म्हातारा माणूस बोलत व्हता. तुमी तोडलं आन भोगतीया मी. चार दिस झाले, क्रेट ढकलून ढकलून कंबर मोडली माझी. उद्या त्यांना काय झालं तर कुणाला इचारायचं?"

सुदर्शन सरांनी ऐकून घेतलं. मग खिशातून मोबाइल काढला.

"वहिनी, हे मी कुणाला दाखवलेलं नाही. तुम्ही पण सांगू नका."

रविवारचा व्हिडिओ होता, मोबाइल खिडकीत ठेवून काढलेला. आबा माईक धरून उभे. "सगळं जळमय झालं," आबा म्हणाले आणि थांबले. मान किंचित उजवीकडे केली, कुणाचं तरी ऐकल्यासारखी. उजवीकडे रिकामी खुर्ची होती. "सगळं जळमय झालं," आबा पुन्हा म्हणाले. पुन्हा उजवीकडे पाहिलं. मग काहीच नाही. कुणीतरी खोकलं. एक खुर्ची सरकली. आबांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. माईक हळूहळू खाली येत गेला. दीड मिनिट. मग सर पुढे आले, हसले आणि वेळ संपल्याचं सांगितलं.

"वेळ भरपूर होता," सर म्हणाले. "लोकांना वाटलं, आबा दम घेतायत. म्हटलं, दोष माझ्याकडे राहू दे."

चार दिवस जपून ठेवलेला राग आता ठेवायचा कुठे, हेच निर्मलाला कळेना. घरी येताना पाऊस अंगावर पडत होता आणि छत्री तशीच हातात होती. म्हणजे मेंढी पाण्यावर तरंगते, त्याच्या पुढचं आबांना आठवतच नव्हतं. एकतीस माणसं आणा म्हणजे काय, तर एकतीस माणसं जमायची नाहीत या भरवशावर म्हातारा बाजेवर बसला होता. भाकरी सोडली, घेरी येऊन पडला, पण विसरलो म्हणून सांगितलं नाही. आणि ही शहाणी दारोदार फिरून त्यांच्या फजितीचं आमंत्रण देऊन आली होती.

रात्रीची भांडी घासताना ती स्वतःशीच चडफडत होती. माणसांना नको म्हणावं तर आबा बाजेवरून उतरणार नाहीत. येऊ द्यावं तर पुन्हा दीड मिनिट, पुन्हा ते नुसते हलणारे ओठ, आणि या वेळी सावरायला घड्याळाचं निमित्तही नाही. हे चिमाजी काका तरी कुठे जाऊन बसले, ती मनात म्हणाली. दर रविवारी यायचे. ओट्यावर दोघं बसायचे, मध्ये फक्त स्वयंपाकघराची भिंत. लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकतेय, तेच तेच, तेच तेच, डोकं उठायचं. जळमय झालं, म्हणायचे आबा. झालं जी, म्हणायचे चिमाजी काका, आणि खोकायचे. मग मेंढीनं...

तिचा हात तवा घासता घासता थांबला.

गुरुवारी पाच वाजता पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी खरोखर गोष्टीसाठी आलं होतं, कुणी गंमत बघायला, नाना रोपासाठी. प्राध्यापक मोबाइलमध्ये होते, तो मोबाइल सरांनी धरला होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मार्केटवरून लवकर परतलेला जालिंदर भिंतीला टेकून उभा होता.

"समदी आली?" आबांनी विचारलं. आवाजात आशा होती, कुणीतरी राहिलं असेल अशी.

"एकतीस," निर्मला म्हणाली. "मोजा."

आबांनी दोनदा मोजली. मग त्यांचा चेहरा उतरला. निर्मलाने एक क्रेट पालथा घातला, बाजेच्या उजव्या अंगाला ओढला आणि त्यावर बसली.

"तू हितं काय करतीस?"

"झील धरते."

"बाया झील धरत न्हाईत."

"बाया क्रेट पण ढकलत न्हाईत, आबा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी घसा खाकरला आणि मांडायला सुरुवात केली. पाऊस बोलवायचं गाणं सगळ्यांना येत व्हतं. येत व्हतं जी, निर्मला म्हणाली. तिचा आवाज आधी चिरका निघाला, मग बसला. थांबवायचं कुणालाच येत न्हवतं. न्हवतं जी. आबांच्या पाठीला ताठपणा आला. ओळीमागून ओळ, डोंगर बुडाले, झाडं बुडाली, पाखरांना टेकायला जागा उरली न्हाई. पोरंसोरंही गप्प झाली.

"सगळं जळमय झालं," आबा म्हणाले.

"झालं जी," निर्मला म्हणाली.

आबा थांबले. तिने पुन्हा म्हटलं, "झालं जी." आबांची मान तिच्याकडे वळली. डोळ्यांत काहीच नव्हतं. तिने तिसऱ्यांदा म्हटलं. पत्रा वाजत होता, बाकी आवाज नव्हता. सुदर्शन सर खाली बघायला लागले. आबांनी गोधडीची कड मुठीत धरली.

तिने ठरवलं होतं, हळूच सांगायचं, कुणाला कळणार नाही असं. पण चार दिवसांचे क्रेट, चार दिवसांचा पाऊस, उपाशी म्हातारा आणि फुकटचे हसणारे लोक हे सगळं एकदम उसळून आलं आणि ती ओरडलीच.

"अहो, मेंढीनं पाय उचलला!"

एकतीस माणसं दचकली. आबाही दचकले. "कंचा?" ते म्हणाले.

"डावा! मागचा!"

"डावा," आबा म्हणाले. मग त्यांचे डोळे हलले. "पाण्यावर तरंगत्या मेंढीनं डावा मागचा पाय उचलला. तिच्या पाठीवर देव बसला व्हता. देवानं खूर हातात घेतला."

"घेतला जी."

"खुराच्या बेचक्यात काय व्हतं?"

"चिखल व्हता जी."

"कशाचा?"

"मागच्या जगाचा."

"मागच्या जगाचा," आबा म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं, पण ते थांबले नाहीत. एवढाच राहिला होता, मेंढीला पण ठाऊक नव्हता. देवाने दाढीतला बाभळीचा काटा काढला, खूर साफ केला, चिखल तळहातावर घेतला. निर्मलाची झील आता त्यांच्या पाठोपाठ नव्हती, बरोबरीने चालली होती, कधी अर्धं पाऊल पुढेही. देवाने फुंकर घातली. एकदा घातली, दोनदा घातली, आणि त्या भरात ती म्हणून गेली, "देव दमला आन म्हणला, निर्मला, चहा टाक."

पडवी हसून फुटायची बाकी राहिली. निर्मलाने जीभ चावली. पण तिचं काय चुकलं होतं? लग्न होऊन आल्यापासून गोष्टीत बरोबर याच जागी आबा भिंतीपलीकडून हाक मारत आले होते. तिच्या लेखी ती हाक गोष्टीतलीच होती.

आबा हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

"म्हणला," ते म्हणाले. "आन निर्मलानं चहा टाकला. आन चहा पिऊन देवानं भुई पसरली."

"पसरली जी," निर्मला म्हणाली. तिला पुढचं दिसत नव्हतं, डोळे भरले होते.

आबांनी आधी डावा पाय खाली सोडला, मग उजवा. बोटं हलवून पाहिली. "वली हाय," ते म्हणाले. "पुसून घ्यायची व्हती की गं." एवढे लोक चिखलाचे पाय घेऊन आत आलेले, ओली असणार नाही तर काय. निर्मलाने कपाळाला हात लावला.

पाऊस काही थांबला नाही. तो शुक्रवारी दुपारी थांबला, पण नाना मात्र आजही सांगतात की राघूने पाय टेकला आणि तिकडे आभाळ उघडलं. आबांनी त्या रात्री दीड भाकरी खाल्ली. माणसं पांगली, जालिंदर क्रेट गाडीत भरायला लागला. निर्मला चहाचे कप गोळा करत होती.

"निर्मला," आबा हळूच म्हणाले. "तुला ठाव व्हतं ना? रविवारचं?"

"काय रविवारचं? येळ संपला व्हता. सरांनी तोडलं."

बाजेवर हाताने सरकत सरकत ते उजव्या कडेला गेले आणि डावीकडची जागा त्यांनी मोकळी केली.

"आता तू मांड," ते म्हणाले. "मी झील धरतो."

"आबा, भांडी पडलीत. डेअरीला दूध जायचंय. मला सांजचा सैपाक हाय अजून."

"पडू दे."

एकदा पहिली ओळ तोंडातून निघाली की भुई येईपर्यंत उठता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज मांडली की उद्याही मांडावी लागेल आणि परवाही, आणि मग कधीतरी ती एकटीच असेल, हेही तिला समजत होतं. या घरात एक दिवस सुखाचा जात नाही, असं मोठ्याने म्हणत तिने कप खाली ठेवले, पदर खोचला आणि जालिंदरच्या हातातला शेवटचा क्रेट ओढून घेतला. तो बाजेच्या डाव्या अंगाला पालथा घालून ती त्यावर बसली. मग तिने दोन्ही पाय उचलून वर घेतले.

"पाऊस बोलवायचं गाणं सगळ्यांना येत व्हतं," ती म्हणाली.

"येत व्हतं जी," उजवीकडून आबा म्हणाले.